पांढरे सोने आणि लुगड्याची घडी : नागपूरच्या कापसाचा न सांगितलेला इतिहास

१/
१ जानेवारी १८७७. दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटा यांची 'एम्प्रेस मिल' सुरू झाली. विदर्भाच्या काळ्या मातीतला कापूस, रेल्वे आणि गिरणी यांची ही कथा इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. मात्र याच कापसाशी निगडित एक प्रश्न त्या पुस्तकांत येत नाही. ज्या स्त्रियांनी हा कापूस वेचला, त्यांना पाळीच्या चार दिवसांत स्वच्छ कापूस मिळत होता काय? नागपूर आणि विदर्भाच्या आधाराने या प्रश्नाचा मागोवा घेणारा हा थ्रेड.

२/
मासिक पाळीचा इतिहास लिहिणे अवघड असते, कारण त्याची साधने नष्ट होण्यासाठीच असतात. राजांची नाणी उरतात, गिरण्यांचे हिशेब उरतात. पाळीची घडी मात्र वापरून फाटते, पुरली जाते किंवा जाळली जाते. त्यामुळे हा इतिहास आडवाटेने शोधावा लागतो. संतांच्या वचनांतून, कामगार कायद्यांतून, वैद्यकीय अहवालांतून, करांच्या दरपत्रकांतून आणि कचऱ्याच्या नियमांतून त्याचे तुकडे हाती येतात. हे तुकडे जोडल्यावर जे चित्र उभे राहते, त्यात कापडापेक्षाही मोठा प्रश्न दिसतो, तो म्हणजे पाणी, ऊन आणि आडोसा कोणाला मिळतो हा.

३/
सुरुवात तेराव्या शतकापासून करावी लागते. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान. चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित करणारे म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' येथेच, साधारण १२७८च्या सुमारास सिद्ध झाले. चक्रधरांच्या शिष्यपरिवारात स्त्रियांची संख्या लक्षणीय होती आणि त्यांच्या धर्माचरणाच्या आड विटाळ येऊ नये, अशी स्वामींची भूमिका होती. शरीराच्या इतर द्वारांतून जसे स्राव वाहतात तसाच हाही एक स्राव आहे, त्याची शिवाशिव मानण्याचे कारण नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. साडेसातशे वर्षांपूर्वी, मराठी गद्याच्या अगदी आरंभकाळी हा विचार वऱ्हाडच्या भूमीत मांडला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४/
पुढच्या शतकात सोयराबाईंनी हाच प्रश्न आणखी खोलवर नेला. परंपरेनुसार चोखोबांचे मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा. त्यांच्या पत्नी सोयराबाई दोन विटाळ जगत होत्या : एक जातीचा आणि दुसरा स्त्रीदेहाचा. देहाला विटाळ म्हणणाऱ्यांना त्यांनी आपल्या अभंगातून विचारले की विटाळ तर देहातच उपजतो, मग त्यापासून अलिप्त असा देह कोणता? हा युक्तिवाद भावनिक नाही, तर्काचा आहे. ज्या स्रावाशिवाय मनुष्यजन्मच संभवत नाही, तोच अपवित्र ठरवला तर सारे मनुष्यजीवनच अपवित्र ठरते.

५/
विचार मांडले गेले, पण आचार बदलला नाही. 'कावळा शिवला', 'बाहेर बसली', 'अडचण आहे' असे शब्दप्रयोग मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले. थेट नाव न घेण्यासाठी भाषेने एवढ्या पळवाटा शोधल्या, यावरूनच या विषयाभोवतीचे मौन किती दाट होते हे कळते. अजाणता झालेल्या स्पर्शदोषाच्या निवारणासाठी ऋषिपंचमीचे व्रत होते. तीन दिवस वेगळे बसणे, चौथ्या दिवशी न्हाणे हा क्रम होता. काही स्त्रियांना या निमित्ताने कष्टांतून विसावा मिळे हेही खरे. परंतु तो विसावा अपवित्र ठरण्याच्या मोबदल्यात मिळे. शिवाय शेतमजूर बाईला तोही नव्हता, कारण रोजगार बुडवणे तिला परवडत नसे.

६/
आता प्रत्यक्ष साधनाकडे वळू. सुती नऊवारी लुगड्याचे आयुष्य मोठे असे. ते नेसून विरले की त्याची गोधडी होई, गोधडीतून उरलेल्या भागाची बाळोती होत, त्यातलेच मऊ तुकडे पाळीच्या घडीसाठी बाजूला ठेवले जात आणि अखेरीस उरे ते पोतेरे. घडीसाठी जुनेच कापड निवडण्यामागे केवळ काटकसर नव्हती. नव्या कापडात खळ असते, धाग्यावर मेणाचा अंश असतो, त्यामुळे ते ओलावा चटकन शोषत नाही. शेकडो वेळा धुतलेले सुती कापड मऊ होते आणि चांगले शोषते. म्हणजे साधन म्हणून ही घडी टाकाऊ नव्हती; पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ती योग्यच निवड होती.

७/
दोष कापडात नव्हता, ते वाळवण्यात होता. असे कापड सुरक्षित ठेवायचे तर भरपूर पाणी, साबण आणि कडक ऊन हवे. विदर्भात उन्हाची वानवा कधीच नव्हती. पण विटाळाच्या कल्पनेने नेमके तेच ऊन नाकारले. पुरुषांच्या दृष्टीस पडू नये म्हणून घडी दुसऱ्या कपड्याखाली, गोठ्यात, छपराच्या वळचणीला वाळत घातली जाई. पावसाळ्यात ती दमटच राही आणि पुन्हा तशीच वापरली जाई. दमट कापडावर जंतू वाढतात. ज्या रूढीचे समर्थन शुद्धतेच्या नावाने केले जाई, तिनेच अस्वच्छता निर्माण केली, हा या इतिहासातील सर्वांत कटू विरोधाभास आहे.

८/
दरम्यान कापसाचे जग वेगाने बदलत होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस मँचेस्टरला पोहोचेना आणि ब्रिटिशांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरात दाखल झाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमण्यात आला आणि हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी ते पद सांभाळले. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या कापूस बाजाराला जोडणाऱ्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन झाले. रेल्वेच्या डब्यांतून गाठी मुंबई बंदराकडे आणि तेथून इंग्लंडला जाऊ लागल्या. पिकाला भाव आला, पण त्या पिकावरचा शेतकऱ्याचा ताबा सैल होत गेला.

९/
या व्यापाराने कापसाची एक नवी प्रतवारी रूढ केली. यंत्राला लांब धाग्याचा कापूस हवा असतो. हिंगणघाटचा कापूस देशी वाणांत नावाजलेला होता, तरी एकूण देशी कापसाचा धागा आखूड आणि जाड, म्हणून बाजारात तो दुय्यम ठरला. पुढे अमेरिकन जाती आणि संकरित वाण आले आणि स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतांश क्षेत्र व्यापणारा देशी कापूस हळूहळू कडेला ढकलला गेला. गंमत अशी की, शोषक कापूस म्हणजेच दवाखान्यातला 'सर्जिकल कॉटन' बनवण्यास हाच आखूड, जाड धाग्याचा कापूस उपयुक्त ठरतो. सुताच्या बाजाराने ज्याला नापास केले, तो जखमेसाठी आणि पाळीसाठी गुणवान होता.

१०/
याच काळात युरोपात कापसाचे दुसरे रूप घडत होते. कच्ची रुई पाण्यावर तरंगते, कारण तिच्या तंतूंवर मेणाचा थर असतो. क्षाराच्या द्रावणात उकळून आणि विरंजन करून तो थर काढला की तीच रुई पाणी शोषू लागते. १८७०च्या दशकात जर्मनीत पॉल हार्टमान यांच्या कारखान्यात असा कापूस तयार होऊ लागला. १८८० मध्ये बर्मिंगहॅमचे शल्यविशारद जोसेफ सॅम्पसन गॅमगी यांनी जाळीदार कापडाच्या दोन थरांमध्ये शोषक कापूस घातलेली पट्टी प्रचारात आणली. आजच्या सॅनिटरी पॅडची मूळ रचना हीच आहे. १८९०च्या दशकात जॉन्सन अँड जॉन्सनने 'लिस्टर्स टॉवेल' या नावाने पाळीसाठी तयार घड्या विकायला काढल्या. पण त्या दुकानात उघडपणे मागण्याचे धैर्य फारच थोड्या स्त्रियांना होते.

११/
पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेच्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून 'सेल्युकॉटन' नावाचा पर्याय तयार केला. जखमी सैनिकांसाठी बनवलेल्या त्या पट्ट्या युद्धभूमीवरील परिचारिकांनी पाळीसाठी वापरून पाहिल्या. युद्ध संपल्यावर पडून राहिलेल्या मालाला त्यामुळे नवी बाजारपेठ मिळाली आणि १९२० मध्ये 'कोटेक्स' बाजारात आले. लाजेवर उपाय म्हणून दुकानात खोके उघड्यावर ठेवले जात. बाईने एक खोके उचलायचे आणि शेजारच्या डब्यात पैसे टाकायचे, बोलायचे काहीच नाही. विटाळाचे मौन केवळ भारतीय नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

१२/
कोटेक्सनंतर एक वर्षाने, १९२१ मध्ये, नागपुरात एक वेगळी घटना घडली. कमलाबाई होस्पेट या बालविधवा. घरच्या चौकटीबाहेर पडून त्यांनी डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि वेणूताई नेने यांच्या साथीने सीताबर्डी भागात छोटे प्रसूतिगृह सुरू केले. ही 'मातृ सेवा संघा'ची सुरुवात. त्या काळी बाळंतपणही सुवेराच्या, म्हणजे विटाळाच्याच, कक्षेत येई. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत जुन्या चिंध्यांवर ठेवले जाई. स्वच्छ कापड, उकळलेले पाणी आणि प्रशिक्षित हात हा बाईचा हक्क आहे, हे कमलाबाईंनी व्याख्याने न देता कामातून दाखवले. संघाच्या शाखा विदर्भभर पसरल्या. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१३/
घराप्रमाणे गिरणीतही स्त्रीदेह दुर्लक्षितच होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात आणि १९३० मध्ये मध्य प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गदर्शनासाठी उपस्थित होते आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना किरकोळ रजा, हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, असा ठराव तेथे झाला. ठरावात पाळीचा शब्द नव्हता. तरी रोजगार न बुडता देहाला विश्रांती मिळावी ही मागणी त्यात स्पष्ट होती. जपानने पाळीच्या रजेचा कायदा केला तो पाच वर्षांनंतर, १९४७ मध्ये.

१४/
मराठीत या विषयावर छापील स्वरूपात मोकळेपणाने बोलण्याचे श्रेय मुख्यतः र. धों. कर्वे यांच्याकडे जाते. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत ते चालवले. लैंगिक आरोग्यासंबंधीच्या वाचकांच्या शंकांना ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांतील एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. सोयराबाईंनी अभंगातून विचारलेला प्रश्न आता न्यायालयात उभा होता. देहाविषयी बोलणे हाच अपराध ठरत असेल, तर त्या देहाच्या आरोग्याची चर्चा होणार तरी कशी?

१५/
स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत दोन बदल शेजारी शेजारी घडले. शहरांत तयार पॅड मिळू लागले. ते कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत दिले जात. भारतीय मानक संस्थेने सॅनिटरी नॅपकिनसाठी 'आयएस ५४०५' हे मानक ठरवले. दुसरा बदल फारसा कोणी टिपला नाही. नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या स्वस्त, टिकाऊ आणि धुण्यास सोप्या म्हणून खेड्यांत पोहोचल्या आणि घरातले जुने सुती कापड कमी होत गेले. कृत्रिम धाग्याचे कापड ओलावा शोषत नाही. पॅड परवडत नाही आणि जुने लुगडे उरले नाही, अशा कात्रीत गरीब घरातली बाई सापडली. कापसाच्या प्रदेशातच सुती चिंधी दुर्मीळ झाली.

१६/
कृत्रिम पदार्थांविषयीची शंका पाश्चात्त्य देशांत याच सुमारास एका आपत्तीतून पुढे आली. १९८० मध्ये अमेरिकेत 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' या गंभीर आजाराचा संबंध अतिशोषक टॅम्पॉनशी जोडला गेला आणि 'रिलाय' नावाचे उत्पादन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. दीर्घकाळ शरीरात राहणाऱ्या अतिशोषक साधनांमुळे जंतूंच्या विषाला वाव मिळतो, हे त्यातून लक्षात आले. क्लोरीनने केलेल्या विरंजनाविषयीही पुढे प्रश्न विचारले गेले. निव्वळ कापसाच्या आणि पुढे सेंद्रिय कापसाच्या पॅडची मागणी वाढण्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

१७/
विदर्भातील स्त्रियांच्या आरोग्याचे वास्तव जगापुढे आले ते १९८९ मध्ये. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेद्वारे काम करत होते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. प्रत्येकीमागे सरासरी ३.६ आजार. पूर्वी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के. हे आजार पाळीच्या कापडामुळे झाले, असा त्या अभ्यासाचा दावा नव्हता. त्याने दाखवले ते हे की गर्भारपण वगळता ग्रामीण स्त्रीच्या आजारांची दखल कोणतीच व्यवस्था घेत नव्हती.

१८/
गडचिरोलीतच 'कुर्मा घर' आहे. माडिया आणि गोंड वस्त्यांमध्ये पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाच्या कडेला असलेल्या झोपडीत राहतात. अनेक झोपड्यांना धड दार नसते, वीज-पाणी नसते. पावसाळ्यात साप-विंचवांचे भय असते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत हा विषय पोहोचला. प्रथा बंद करा, असे बाहेरच्यांनी सांगून ती बंद झाली नाही. म्हणून अलीकडे काही गावांत जुन्या झोपडीऐवजी पक्के बांधकाम, खाटा, शौचालय आणि वीज असलेली विश्रांतीगृहे उभारली गेली. यावर दोन मते आहेत. एका मते यामुळे प्रथाच पक्की होते. दुसऱ्या मते मन बदलेपर्यंत बाईने सापाच्या भीतीत का झोपावे? दोन्ही मतांत तथ्य आहे.

१९/
पाळीची किंमत किती मोजावी लागते, याचे सर्वांत भीषण उदाहरण मराठवाड्यातून आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर जोडीने काम करतात आणि गैरहजेरीचा 'खाडा' मुकादमाच्या हिशेबात दंड म्हणून लागतो. फडात पाणी नाही, आडोसा नाही. अशा स्थितीत पाळी आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारी हे संकट ठरते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कापड, पॅड, सेंद्रिय, साधे, या साऱ्या चर्चेच्या आधी हा आकडा वाचला पाहिजे. काम आणि देह यांची तडजोड न झाल्यामुळे देहच कापला गेला.

२०/
एकविसाव्या शतकात राज्यसंस्थेने या विषयात पाऊल टाकले. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंथम यांच्या स्वस्त पॅडयंत्राने बचतगटांना उत्पादनाचा मार्ग दाखवला. २०११ पासून केंद्राच्या योजनेत आशा कार्यकर्तींमार्फत सहा पॅडचे 'फ्रीडेज' पाकीट सहा रुपयांना मिळू लागले. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात 'अस्मिता' योजना आली. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅड पाच रुपयांत आणि वितरण बचतगटांकडे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा कुंकू, टिकली आणि बांगड्या करमुक्त होत्या, पॅडवर मात्र १२ टक्के कर होता. देशभरातील विरोधानंतर जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला.

२१/
पोहोच वाढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयोगटातील तीन-चतुर्थांशांहून अधिक तरुणी स्वच्छ साधने वापरत होत्या. चार-पाच वर्षांपूर्वी हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते. तरीही जवळपास निम्म्या तरुणी अजून कापडही वापरत होत्या. यशाबरोबर नवा प्रश्न आला : कचरा. बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिकचे आवरण आणि अतिशोषक पॉलिमर असते; ते कुजत नाही. हा कचरा हाताने वेगळा करतात त्या कचरावेचक स्त्रियाच. पुण्याच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने तो कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीम काढली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर वेष्टन पुरवण्याची जबाबदारी टाकली. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने हैदराबादच्या संशोधन केंद्राबरोबर उच्च तापमानाची पॅडभट्टी विकसित करण्यात भाग घेतला.

२२/
या टप्प्यावर सेंद्रिय पॅडचा मुद्दा येतो आणि कथा पुन्हा नागपुरात परतते. केंद्रीय कापूस संशोधन संस्था येथे १९७६ पासून आहे. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत बहुतेक शेते बीटी संकरित वाणांनी भरली. सेंद्रिय मानकांत जनुकीय बदल केलेले बियाणे आणि रासायनिक कीटकनाशके चालत नाहीत. त्यामुळे विदर्भातील सेंद्रिय शेतकऱ्यासमोर पहिली अडचण असते ती शुद्ध, बिगर-बीटी बियाण्याची. वर्ध्यात १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते खुल्या झालेल्या मगन संग्रहालयाच्या परंपरेत स्थानिक कापूस आणि खादीची साखळी जपण्याचे प्रयत्न चालत आले आहेत. कडेला पडलेल्या देशी वाणांना येथे पुन्हा अर्थ प्राप्त होतो.

२३/
मात्र 'सेंद्रिय' या शब्दाने भुलून जाणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. पॅडचा वरचा थर सेंद्रिय कापसाचा आणि खालचा थर प्लास्टिकचा असू शकतो. 'ऑक्सो-बायोडिग्रेडेबल' म्हटलेले प्लास्टिक बारीक तुकड्यांत मोडते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा प्लास्टिकवर बंदी आणली. सेंद्रिय कापसाचे पॅड साधारणतः महागही असते. जो कापूस वेचून शेतमजूर बाई किलोच्या दराने मजुरी मिळवते, त्याच कापसाचे प्रमाणित पॅड तिच्या आवाक्याबाहेर असेल, तर १८७७ पासून फारसे बदलले नाही असे म्हणावे लागेल. २०२१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पुन्हा वापरता येणाऱ्या पॅडसाठी स्वतंत्र मानक आणले. सुती कापडाच्या जुन्या घडीला मिळालेली ही शास्त्रीय मान्यताच आहे, पण धुण्याचे पाणी आणि वाळवण्याचे ऊन या अटी तिलाही चुकलेल्या नाहीत.

२४/
एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. कापूस अजूनही हिंगणघाटच्या आणि यवतमाळच्या बाजारात येतो आणि तो अजूनही प्रामुख्याने स्त्रियाच वेचतात. त्यांच्यासाठी या साऱ्या इतिहासाचा अर्थ अगदी मोजक्या गोष्टींत सांगता येतो : शेताजवळ आडोसा आणि पाणी, शाळेत दार लागणारे शौचालय, परवडेल असे साधन, खाडा न धरणारा मुकादम आणि तपासणारी डॉक्टर. यांत चक्रधरांनी आणि सोयराबाईंनी सांगितलेली एक गोष्ट मिळवली पाहिजे. धुतलेली घडी अंगणातल्या दोरीवर, भर उन्हात, कोणत्याही दुसऱ्या कपड्याखाली न लपवता वाळत घालता आली पाहिजे. त्यासाठी ना कारखाना लागतो ना अनुदान, आणि तरीही साडेसातशे वर्षांत तेच सर्वांत अवघड ठरले आहे.